गुरगुट्या भाताचे दिवस

मुलुंडला थंडी जरा लवकर पोचते. बाकीची मुंबई पंखा लावून झोपत असते, तेव्हा आमच्याकडे पहाटे डोंगरावरून गार हवा उतरते आणि गॅलरीतल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. यंदा ती उतरली त्याच सुमाराला केतकीचं ऑपरेशन झालं. केतकी म्हणजे माझ्या नणंदेची, शुभाची मुलगी. बोरिवलीला असते. लहानपणापासून अंगानं जाड, आणि त्यावरून लहानपणापासून ऐकून घेणारी. गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, तेव्हा तिनं वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाची पिशवीच लहान करून टाकतात म्हणे. आधी नुसतं पातळ, मग मऊ, आणि मग हळूहळू बाकीचं.

मऊ अन्नाची पायरी सुरू झाली असं कळल्यावर मी गुरगुट्या भात करून घेऊन गेले. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा आणि मुलं जेवत होती, पण चोरून जेवल्यासारखी. भांड्याचा आवाज नाही, बोलणं नाही, पंखा खिडकीकडे तोंड करून लावलेला, का तर वास आत जाऊ नये. केतकी आतल्या खोलीत दार लोटून बसली होती. मांडीवर वाटी, वाटीत दोन चमचे दही.

मी शेजारी बसले. चमच्यानं ती दही नुसतंच ढवळत राहिली. मग म्हणाली, "मामी, भूक लागत नाही. पण जेवावंसं वाटतं. हे कुणाला सांगू?"

मला तिच्या धीराचं कौतुक वाटलं. सोपा रस्ता निवडला, असं लोक तिच्या पाठीमागे म्हणतात. त्यांनी एकदा तिच्यासमोर बसून दोन चमचे दही अर्धा तास पुरवून दाखवावं. मी डब्याचं झाकण काढलं. आटलेल्या भाताचा, तुपाचा आणि जिऱ्याचा वास आला, आणि मी बोरिवलीच्या त्या खोलीत बसल्या बसल्या मुलुंडच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी नाशिकची, सासर मालवणकडचं. मुलुंडला दोन खोल्या आणि एक गॅलरी, त्यात सासू-सासरे, कॉलेजात जाणारी शुभा, माझा नवरा विजय आणि मी. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नाना दारात उभे राहिले की दार भरून जायचं. तरुणपणी गिरणीत मागावर होते, पुढे मुलुंडच्याच एका कारखान्यात सुरक्षारक्षक झाले. बिल्डिंगमध्ये कुणाचं कपाट हलवायचं असो, कुणाला जिन्यावरून उचलून रिक्षात बसवायचं असो, हाक नानांना. बोलायचे कमी. माझ्याशी तर पहिल्या वर्षात चार वाक्यंही नीट बोलले नसतील. सासऱ्यानं सुनेशी काय बोलायचं, असा तो काळ.

त्यांचं जेवण मात्र मला पहिल्या दिवसापासून थक्क करायचं. ताट समोर आलं की ते जेवायला लागायचे असं म्हणणं बरोबर नाही, ताट रिकामं करायला लागायचे. गिरणीत भोंगा व्हायच्या आत डबा संपवायची सवय हाताला लागली होती, ती गिरणी सुटली तरी सुटली नाही. भाताचा डोंगर, त्यावर माशाचं सार, बाजूला तळलेल्या तुकड्या. मी दुसरी पोळी वाढायला वळावं तोवर ते हात धुवायला उठलेले असायचे. कधी काय आवडलं, काय नाही, हे त्यांनी सांगितलेलं मला आठवत नाही. पोट दुखलं की थंड दूध आणि सोडा प्यायचे आणि कामावर जायचे. किती वर्षं ते दुखणं अंगावर काढत होते, ते आईंनाही, म्हणजे माझ्या सासूबाईंनाही, ठाऊक नव्हतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले होते. एका सकाळी नाना मोरीत गेले आणि तिथंच बसले. उलटीत रक्त होतं. विजयनं आणि शेजाऱ्यांनी मिळून त्यांना खाली नेलं. ज्या माणसानं सगळ्या बिल्डिंगला उचललं, त्याला उचलायला पाच जण लागले. आतड्याच्या तोंडाशी मोठा व्रण होता, तो फुटायच्या बेतात होता. डॉक्टरांनी जठराचा बराचसा भाग काढून टाकला.

घरी आणायच्या आधी डॉक्टरांनी मला आणि आईंना समोर बसवून समजावलं होतं. आता पोटात एका वाटीपेक्षा जास्त मावणार नाही. थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा. जेवताना पाणी नाही. गोड नाही, तळलेलं नाही, तिखट नाही. प्रत्येक घास चावून चावून, आणि जेवल्यावर थोडा वेळ आडवं व्हायचं. आई मान हलवत होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, हे सगळं ठीक, पण या माणसाला हळू खायला कोण शिकवणार?

आमच्याकडे मिक्सर नव्हता. मी पुरणयंत्र खाली काढलं. दुधी, लाल भोपळा, गाजर, जे काही उकडेल ते त्यातून फिरवायचं. उकड्या तांदळाची पेज, आधी तिची नुसती निवळ, मग शितं घोटून. मुगाचं कढण गाळून. नाचणीचं पीठ ताकात कालवून शिजवलेलं. तांदूळ तिप्पट पाण्यात मंद आचेवर ठेवायचे, दाणा दाण्यापासून ओळखू येईनासा झाला की डावाच्या पाठीनं घोटायचे. त्या थंडीत आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सतत वाफेनं धुरकटलेली असायची. बाहेर डोंगराची कड, आत शिजणाऱ्या भाताचा रटरट आवाज. अजूनही गार सकाळी भात शिजायला लागला की मला मुलुंडची ती खिडकी दिसते.

पण नाना खाईनात.

सुरुवातीला प्रयत्न केला त्यांनी. सवयीनं दोन मोठे घास गिळले आणि लगेच कपाळावर घाम, छातीत धडधड, हात थरथरायला लागले. पोटाची पिशवी राहिली नाही, अन्न थेट खाली सरकतं, म्हणून असं होतं, हे आम्हाला समजावलेलं होतं. समजणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. असं दोनतीनदा झालं आणि त्यांनी वाटी परत पाठवायला सुरुवात केली. नंतर करतो. आत्ता नको. भूक नाही. त्यांचं अंग डोळ्यादेखत उतरत चाललं. सदरा खांद्यावरून ओघळायचा. गालाची हाडं वर आली. तपासायला गेलो तेव्हा डॉक्टर विजयला बाजूला घेऊन म्हणाले की जखम छान भरतेय, पण हे असंच उपाशी राहिले तर परत दाखल करून नळीनं अन्न द्यावं लागेल, आणि त्यातून ते कितपत सावरतील ते सांगता येत नाही.

मग आम्ही सगळे त्यांच्या मागे लागलो. वाटी पुढे ठेवायची आणि चौघांनी चार बाजूंनी बघत बसायचं. चमचा उचलला की आमचे श्वास अडकायचे, चमचा ठेवला की आमचे चेहरे पडायचे. विजय समजूत काढायचा, शुभा रडवेली व्हायची. एका दुपारी मी एकटीच वाटी घेऊन गेले. नाना भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "माका या वाटयेची भीती वाटता गो, चेडवा."

चेडवा म्हणजे पोरी. त्यांनी मला अशी हाक पहिल्यांदाच मारली. एवढा दांडगा माणूस, आणि आपल्याला भीती वाटते हे इतक्या सरळ सांगू शकला. मी तेव्हा वीस-बावीस वर्षांची होते, वाटी तशीच उचलून परत नेली. पण त्या क्षणापासून ते माझ्यासाठी नुसते विजयचे वडील राहिले नाहीत.

यातून वाट निघाली ती आईंमुळे, आणि आईंनी ती काढायची म्हणून काढली नव्हती. त्या दिवशी त्या दमल्या होत्या. सकाळपासून पाण्याची रांग, मग दवाखाना, मग कपडे. विजय आणि शुभा जेवून बाहेर पडले होते. आमच्याकडे पुरुष आधी जेवायचे, मग मुलं, आणि सगळं आवरल्यावर आई आणि मी. नाना तोवर नेहमी एकतर कामावर गेलेले असायचे, नाहीतर गॅलरीत पेपर घेऊन. त्या दुपारी आईंनी नानांपुढे वाटी ठेवली, आग्रहाचा एक शब्दही न काढता स्वतःचं ताट घेतलं आणि तिथंच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, त्यांच्याकडे अर्धी पाठ करून जेवायला बसल्या. मीही माझं ताट घेऊन शेजारी टेकले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आई भात कालवत मला शेजारच्यांच्या मुलीच्या स्थळाबद्दल काहीतरी सांगत होत्या.

थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं. नाना आईंच्या हाताकडे बघत होते. त्या घास करत, तोंडात घालत, सावकाश चावत, मधे बोलत. आणि त्यांच्याबरोबर नानांचा चमचाही वाटीतून वर येत होता. त्या चावत तसे ते चावत होते. त्या थांबल्या की तेही थांबत. आमचं जेवण झालं तेव्हा त्यांची वाटी रिकामी होती, आणि घाम आला नव्हता. मी आईंना डोळ्यानं खूण केली. आईंनी बघितलं, आणि त्यांनी जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी काहीच केलं नाही. शाबासकी नाही, देवाला हात जोडणं नाही. वाटी उचलून घासायला नेली. संध्याकाळी पुन्हा स्वतःसाठी मूठभर भात घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

पुढे तोच परिपाठ झाला. नानांच्या प्रत्येक वाटीबरोबर आईंच्या पोटात काहीतरी जायला लागलं. त्यांना हे जड जायचं. नवऱ्यासमोर जेवायची सवयच नव्हती. एकदा वैतागून म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडे बघू नकात हो, माका घास उतारणा नाय." नाना ओशाळून वाटीकडे बघायला लागले आणि मला हसू आवरेना.

हळू खायला लागले तशी त्यांना चव कळायला लागली. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात अन्नाबद्दल शब्द काढला नव्हता, तो मला विचारायचा की आज तांदूळ बदललास का, कालच्या भोपळ्याला गोडी जास्त होती, कुठून आणलास. नाचणीचा वास आला की त्यांना गावचं काहीबाही आठवायचं, आणि ते ती आठवण एका वाटीभर पुरवून सांगायचे. मी पुरणयंत्र फिरवायची आणि ऐकायची. माझं सासर मला खऱ्या अर्थानं त्या हिवाळ्यात कळलं.

आणि त्यांना दिसायलाही लागलं. सावकाश जेवणाऱ्या माणसापाशी वेळ असतो. एका रविवारी घरात सुरमई आणली होती. घरात मासे बंद करायचे नाहीत, माझ्यासाठी कुणी मन मारायचं नाही, असं नानांनी घरी आल्याबरोबर बजावलं होतं. सार रटरटायचं, तुकड्या तव्यावर चुरचुरायच्या आणि ते त्या वासात बसून पेज प्यायचे, तोंड वाकडं न करता. त्या दिवशी विजय आणि शुभा जेवून उठले, मग आई आणि मी ताटं घेऊन बसलो. नाना त्यांच्या वाटीशी होतेच. त्यांनी आईंच्या ताटाकडे पाहिलं. भात होता, सार होतं, आणि बाजूला माशाचं डोकं. माझ्या ताटात शेपटीकडची एक तुकडी होती, तीही आईंनीच मला वाढलेली.

"तुझी तुकडी खंय?" त्यांनी विचारलं.

"माका सारच बरा लागता," आई म्हणाल्या.

नानांचा चमचा वाटीत तसाच राहिला. मला वाटलं, पुन्हा घाम येतोय की काय. पण ते नुसतेच आईंकडे बघत होते. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि आपली बायको रोज काय जेवते हे ते पहिल्यांदा बघत होते. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ते कधी तिथं नसायचेच, इतकंच.

पुढच्या रविवारी पुन्हा सुरमई आली. विजय आणि शुभाबरोबर नानाही येऊन बसले आणि म्हणाले, मला मधली तुकडी वाढ. विजय चपापला. मासे अजून चालणार नव्हते, तळलेले तर नाहीच. त्यानं डॉक्टरांची आठवण करून दिली. आई हातात उलथनं घेऊन तशाच उभ्या.

"वाढ म्हणतंय ना," नाना म्हणाले.

आईंनी सगळ्यात जाड, मधली तुकडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती खाल्ली नाही. ताटली हातात धरून बसून राहिले. विजय आणि शुभाची जेवणं झाली, आईंनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, तेव्हा ते जागचे उठले, भिंतीचा आधार घेत त्यांच्यापाशी गेले आणि ती तुकडी स्वतःच्या हातानं त्यांच्या भातावर ठेवली.

"माझी खाऊन झाली," म्हणाले. "आता तू खा."

आईंची मान खाली होती. त्यांनी काटे काढले, एक घास केला, खाल्ला. मग दुसरा. सगळी तुकडी संपवली. आणि मग, इतका वेळ सगळे बघताहेत म्हटल्यावर काहीतरी बोललं पाहिजे म्हणून असेल, म्हणाल्या, "मीठ कमी पडला."

मी मोठी माणसं पुष्कळ पाहिली. भाषणं ऐकली, सत्कार पाहिले. बाईला मान द्यायला हवा, यावर तासभर बोलणारे पाहिले. नानांना यातलं काही बोलता आलं नसतं. पोटातून एवढं कापून काढल्यावर आपल्याला काय मिळत नाही याचाच माणूस विचार करेल, आणि त्यात कुणी त्याला दोषही देणार नाही. नानांना त्या वाटीभर पेजेवरून दुसऱ्याचं ताट दिसलं. मला वाटतं, भीतीतून बाहेर पडणं म्हणजे हेच असावं.

त्यानंतर आमच्याकडे सगळे एकत्र जेवायला लागले. कुणी तसा नियम केला नाही. नानांना वेळ लागायचा, आई त्यांच्याबरोबर बसायच्या, आई बसल्या की मी, आणि मग विजय आणि शुभा एकटे कशाला आधी जेवतील? तुकड्या मोजून सारख्या वाटल्या जायला लागल्या. नानांचं अंग पुन्हा भरलं नाही. ते दारात उभे राहिले तरी आता बाजूनं उजेड आत यायचा. पण चेहऱ्यावर रक्त आलं, जिना चढायला लागले, पुढे कामावरही गेले. बरीच वर्षं जगले. केतकीला त्यांनी मांडीवर बसवून भात भरवलाय, तिला ते आठवत नाही एवढंच. आता नाना नाहीत, आईही नाहीत.

केतकीला मी हे सगळं सांगितलं नाही. थोडंसं सांगितलं. मग दार उघडून तिच्या नवऱ्याला म्हटलं, तुमची ताटं घेऊन आत या, आणि तिच्या तोंडाकडे कुणी बघू नका, आपापलं जेवा. मुलं आधी बिचकली. मग धाकटी शाळेतलं भांडण सांगायला लागली. केतकीनं ऐकता ऐकता भाताचा एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, मामी, यात हिंग घातलंस ना. मी हो म्हटलं. तिच्या वाटीत किती उरलं ते मी पाहिलं नाही.

परतताना रिक्षात गार वारा लागत होता आणि माझ्या मनात ती जुनी थंडी चालूच होती. ती थंडी सरता सरता माघी गणपती आले होते. बिल्डिंगच्या आवारात मांडव, दुपारी महाप्रसाद. पहिल्या पंगती पुरुषांच्या, मग मुलांच्या, आणि बायकांची पंगत सगळ्यात शेवटी, हे ठरलेलंच. आजारपणानंतर नाना पहिल्यांदाच चारचौघांत जेवणार होते. तळमजल्यावरच्या परबकाकांनी पहिल्या पंगतीत त्यांच्यासाठी मानाची जागा धरून ठेवली होती, दोनदा हाकाही मारल्या. नानांनी सांगितलं की मला वेळ लागतो, मी मागाहून बसेन. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसेल.

शेवटची पंगत बसली तेव्हा नाना आले आणि आईंच्या शेजारच्या पत्रावळीवर बसले. एवढ्या बायकांत एकटा पुरुष. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आई लाजेनं लाल झाल्या, पुटपुटत त्यांना उठायला सांगत होत्या. नानांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. वाढपी आले. नानांनी डावभर मऊ भात आणि वरण घेतलं, जिलेबीला हात आडवा केला. दाणा दाणा चावून जेवले, पाणी प्यायले नाहीत, घाम आला नाही. मी समोरच्या रांगेतून बघत होते.

डावभरच भात, तो लवकर संपला. पण ते उठले नाहीत. आई जेवत होत्या. सावकाश, गप्पा मारत, पुरी भाजीत बुडवत, जिलेबीचा एकेक वेढा तोडत. आजूबाजूच्या पत्रावळी उचलल्या जायला लागल्या. मांडव आवरायची घाई होती. परबकाका नानांपाशी येऊन म्हणाले की झालं असेल तर उठा, हात धुवून घ्या, पोरांना झाडू मारायचाय.

नानांचा हात वाळून गेला होता. तो तसाच पत्रावळीवर ठेवून ते म्हणाले, "वायच रव रे. हिचा जेवाण होऊक नाय अजून."

काका थांबले. झाडू घेऊन आलेली मुलंही थांबली. आईंनी मान वर केली नाही. वाढपी जवळून जात होता, त्याच्याकडून त्यांनी अजून थोडा भात मागून घेतला.